वाचकांचे प्रश्न : कोलोनला गेल्यावर कोणती बिअर?

प्रश्न : लेक-जावई जर्मनीत कोलोनला असतात. मे महिन्यात आम्ही दोघं जातोय. बिअरमध्ये माझी मजल थंडगार बाटलीपलीकडे गेलेली नाही. तिथे काय चाखावं?
— एक निवृत्त वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : कोलोनला राहणार, तर आधी क्योल्श. फिकट सोनेरी, हलकी, आणि ग्लास जेमतेम २०० मिलीचा, सरळसोट उंच. आकार बघून हसू नका. जुन्या बिअरगृहात निळ्या एप्रनमधला वेटर ग्लास रिकामा दिसला की न विचारता दुसरा ठेवतो आणि ग्लासाखालच्या पुठ्ठ्याच्या चकतीवर पेन्सिलीने रेघ ओढतो. शेवटी रेघा मोजून बिल. पुरे झालं की चकती ग्लासवर झाकायची. पंगतीत पानावर हात आडवा धरतो ना, तसंच.

ड्युसेलडॉर्फ जवळच आहे. तिथली तांबूस, कडवट आल्टबिअर मला क्योल्शपेक्षा सरस वाटते, पण हे कोलोनमध्ये बोलू नका, दोन्ही शहरांचं हाडवैर आहे! बव्हेरियात बांबेर्गला जाणं झालं तर राउखबिअर घ्या. तिचं माल्ट, म्हणजे मोड आणलेलं धान्य, बीच नावाच्या झाडाच्या लाकडाच्या धुरावर वाळवतात. पहिल्या घोटाला नाक मुरडाल, पण ग्लास संपवूनच मत द्या.

आणि हो, रिकामे कॅन फेकू नका. प्रत्येकामागे २५ सेंट अनामत असते, सुपरमार्केटमधल्या यंत्रात टाकले की परत मिळते. जावईबापू कंटाळा करतील, तुम्ही करू नका.