ओएनटीला स्वतःचा राउटर जोडला, वायफाय येतं पण ‘नो इंटरनेट’ दिसतं. सेटिंग नेमकी कशी करायची?

तुमची परिस्थिती अशी आहे: केबलवाल्याकडून नवीन फायबर कनेक्शन घेतलं, त्याने हॉलमध्ये ओएनटी (फायबरची वायर जिथे येऊन जोडली जाते तो डबा) बसवला, त्याचं वायफाय आतल्या खोलीत पोचत नाही म्हणून तुम्ही टीपी-लिंकचा वेगळा राउटर आणला. ओएनटीच्या लॅन (नेट बाहेर देणाऱ्या) पोर्टमधून राउटरच्या वॅन (नेट आत घेणाऱ्या) पोर्टमध्ये केबल घातली. मोबाईल नव्या वायफायला जोडला जातो, पण राउटरवरचा इंटरनेटचा दिवा नारिंगीच राहतो आणि मोबाईल ‘नो इंटरनेट’ म्हणतो.

नारिंगी दिव्याचा अर्थ केबल नीट बसली आहे, पण तिच्यातून इंटरनेट येत नाही. केबल सैल असती तर हा दिवा बंदच राहिला असता. म्हणजे वायफायचं नाव, पासवर्ड, अँटेना यांच्याशी सध्या खेळत बसू नका. आधी एकच गोष्ट शोधायची: तुमच्या घरात लॉगिन कोण करतं, ओएनटी की राउटर?

स्थानिक केबलवाल्यांच्या फायबर कनेक्शनला बहुतेक ठिकाणी पीपीपीओई पद्धत असते. म्हणजे युजरनेम आणि पासवर्ड देऊन कंपनीच्या सर्व्हरशी सेशन सुरू करावं लागतं, आणि एका खात्यावर साधारणपणे एकच सेशन चालतं. हे काम ओएनटी करत असेल तर तो ‘राउटर मोड’मध्ये आहे. ओएनटी फक्त फायबरमधला प्रकाश विजेच्या सिग्नलमध्ये बदलून पुढे ढकलत असेल तर तो ‘ब्रिज मोड’मध्ये आहे, आणि लॉगिन तुमच्या राउटरला करावं लागेल. केबलवाला हे सहसा सांगत नाही, आपणही विचारत नाही, आणि सगळा घोळ इथेच होतो.

शोधायला लॅपटॉपही लागत नाही. मोबाईल नव्या राउटरच्या वायफायला जोडा, मोबाईल डेटा बंद करा, ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाका. टीपी-लिंकला बहुधा १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ असतो, खालच्या स्टिकरवर छापलेला असतो. आत ‘इंटरनेट’ किंवा ‘वॅन’ या पानावर कनेक्शनचा प्रकार ‘डायनॅमिक आयपी’ (म्हणजे पत्ता आपोआप घेणं) निवडा, सेव्ह करा, मिनिटभर थांबा आणि स्टेटस पाहा.

वॅनला १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता मिळाला आणि इंटरनेट चालू झालं, तर ओएनटी राउटर मोडमध्ये आहे. पत्ता ०.०.०.० च राहिला तर तो ब्रिज मोडमध्ये असण्याची शक्यता जास्त. पत्ता मिळाला पण इंटरनेट नाही, तर ओएनटीचं स्वतःचं लॉगिन झालं आहे का ते तपासा: तुमचा राउटर काढून मोबाईल थेट ओएनटीच्या वायफायवर जोडा. तिथेही नेट नसेल तर काम केबलवाल्याचं. तिथे चालत असेल तर पुढचा परिच्छेद वाचा.

ओएनटी राउटर मोडमध्ये असताना सर्वात जास्त सापडणारी अडचण म्हणजे दोन्ही डब्यांचा पत्ता एकच असणं. बऱ्याच ओएनटींचा पत्ता १९२.१६८.१.१ असतो. तुमच्या राउटरचाही तोच असेल, तर बाहेर कुठे जायचं हे त्याला कळत नाही. नवे राउटर हे ओळखून स्वतःच पत्ता बदलतात, जुने बदलत नाहीत. ‘लॅन’ पानावर जाऊन राउटरचा पत्ता १९२.१६८.२.१ करा, तो रीस्टार्ट होईल, पुढच्या वेळी याच नव्या पत्त्यावर आत जायचं.

पण तुमची गरज फक्त आतल्या खोलीत वायफाय पोचवण्याची आहे, तर मी ‘डायनॅमिक आयपी’वरही थांबणार नाही. राउटर सरळ ‘ॲक्सेस पॉइंट मोड’मध्ये टाका, म्हणजे तो स्वतःचं वेगळं नेटवर्क न करता ओएनटीचंच नेट वायफायने पसरवेल. हा पर्याय ‘ऑपरेशन मोड’ या नावाने ‘सिस्टम’ किंवा ‘ॲडव्हान्स्ड’मध्ये असतो. मग घरात एकच नेटवर्क राहतं. मोबाईलवरून टीव्हीवर कास्ट करणं, हॉलमधल्या प्रिंटरवर आतून प्रिंट देणं हे सगळं चालतं. दोन वेगळी नेटवर्क झाली की प्रिंटर ‘सापडत नाही’ आणि लोक प्रिंटरला दोष देतात.

आणि राउटर ओएनटीच्या शेजारी ठेवू नका. तिथून तो आतल्या खोलीत फारसा जास्त पोचणार नाही. ओएनटीपासून आतल्या खोलीपर्यंत कॅट-६ केबल ओढा आणि राउटर तिथे ठेवा. लॅन केबल १०० मीटरपर्यंत चालते, घरात तेवढी कधीच लागत नाही. दारावरून पट्टीत घालून नेली तरी पुरे. फायबरची वायर स्वतः पुढे ओढण्याच्या फंदात मात्र पडू नका.

ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये दोन्हीकडे वायफायचं नाव आणि पासवर्ड एकच ठेवा, २.४ गिगाहर्ट्झचे चॅनल मात्र वेगळे: एकीकडे १, दुसरीकडे ६ किंवा ११. या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल हे तीनच आहेत. चॅनलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. अपार्टमेंटमध्ये ४० ठेवली की शेजाऱ्यांच्या वायफायशी टक्कर होते आणि वेग उलट पडतो.

आता ब्रिज मोड. इथे राउटरमध्ये कनेक्शनचा प्रकार ‘पीपीपीओई’ निवडायचा आणि केबलवाल्याने दिलेलं युजरनेम-पासवर्ड टाकायचं. युजरनेममध्ये ॲटच्या चिन्हापुढे काही असेल तर तेही टाकायचं. बीएसएनएलच्या फायबरवर, उदाहरणार्थ, हा शेपटाचा भाग लागतो आणि तोच लोक विसरतात. पासवर्डमध्ये कॅपिटल आणि स्मॉल अक्षरं वेगळी धरली जातात. मोबाईलचा कीबोर्ड पहिलं अक्षर आपोआप कॅपिटल करतो आणि शेवटी जागा सोडतो, तेव्हा टाइप केल्यावर डोळ्याचं चिन्ह दाबून वाचून बघा. ‘सर्व्हिस नेम’ रिकामं सोडा. कनेक्शन मोड ‘ऑटो’ ठेवा, म्हणजे लाईट जाऊन आली तरी राउटर स्वतः जोडून घेईल. एमटीयू (एका पाकिटात जास्तीत जास्त किती बाइट जातात तो आकडा) १४९२ असू द्या. इथरनेटचं पाकीट १५०० बाइटचं असतं, त्यातले ८ बाइट पीपीपीओई स्वतःसाठी घेते. कुणी हा आकडा हट्टाने १५०० केला तर बहुतेक सगळं चालतं, पण एखादी बँकेची साइट किंवा लॉगिनचं पान नुसतं फिरत राहतं. असं काही दिसलं तर आधी हा आकडा बघा.

एवढं करूनही जोडलं गेलं नाही, तर राउटरचा ‘सिस्टम लॉग’ उघडा. तो कुणी उघडत नाही, आणि उत्तर तिथेच लिहिलेलं असतं. पीपीपीओईमध्ये राउटर आधी ‘कुणी सर्व्हर आहे का’ अशी हाक मारतो, तिला पीएडीआय म्हणतात. सर्व्हरने दिलेल्या उत्तराला पीएडीओ म्हणतात. लॉगमध्ये पीएडीआय पुन्हा पुन्हा जातोय आणि पीएडीओ येतच नाही, किंवा ‘पीएडीओ टाइमआउट’ आहे, तर तुमचा पासवर्ड अजून तपासलाच गेलेला नाही. हाक सर्व्हरपर्यंत पोचत नाही. कारणं तीन: ओएनटी मुळात ब्रिजमध्ये नाही, केबल चुकीच्या लॅन पोर्टमध्ये आहे (बऱ्याचदा फक्त लॅन-१ ब्रिज केलेला असतो), किंवा व्हीएलॅन नंबर (एकाच वायरीतून जाणारं वेगवेगळं ट्रॅफिक ओळखायचा क्रमांक) लागतो. व्हीएलॅनचा आकडा केबलवाल्याकडूनच घ्या, अंदाजाने टाकू नका; एकाच कंपनीतही तो भागागणिक बदलतो. टीपी-लिंकमध्ये तो ‘आयपीटीव्ही/व्हीएलॅन’ या पानावर टाकतात, इंटरनेटच्या पानावर शोधत बसाल तर सापडणार नाही.

लॉगमध्ये ‘ऑथेंटिकेशन फेल्ड’ असं आलं, तर गोष्ट वेगळी. हाक पोचली, सर्व्हरने ओळख नाकारली. युजरनेम-पासवर्ड चुकलं आहे किंवा रिचार्ज संपलं आहे. दोन्ही बरोबर असेल, तर जुनं सेशन अडकलेलं असू शकतं: कालपर्यंत हेच खातं ओएनटीवर किंवा जुन्या राउटरवर चालू होतं आणि सर्व्हरला वाटतं ते अजून चालूच आहे. दोन्ही डबे दहा-पंधरा मिनिटं बंद ठेवा, नाहीतर केबलवाल्याला ‘सेशन क्लिअर करा’ असं सांगा.

काही केबलवाले खातं पहिल्या उपकरणाच्या मॅक पत्त्याला (प्रत्येक उपकरणाचा स्वतःचा ओळख क्रमांक) बांधून ठेवतात. नवा राउटर लावला की सर्व्हर त्याला ओळखतच नाही. याला दोन उपाय: ‘मॅक रीसेट करा’ असा फोन करा, किंवा राउटरच्या ‘मॅक क्लोन’मध्ये जुन्या राउटरच्या स्टिकरवरचा मॅक टाका. मी पहिलाच उपाय सुचवेन. क्लोन केलेला मॅक पुढे विसरला जातो आणि दोन वर्षांनी राउटर बदलताना पुन्हा तोच गोंधळ होतो.

आता ओएनटीकडे बघू. वरचं सगळं तेव्हाच उपयोगाचं, जेव्हा ओएनटीवरचा ‘पॉन’ दिवा स्थिर हिरवा आहे. तो लुकलुकत असेल तर ओएनटी अजून नोंदणीच करतोय. ‘लॉस’ लाल लुकलुकत असेल तर प्रकाश पोचत नाही, आणि राउटरमध्ये काहीही बदलून उपयोग नाही. अशा वेळी फायबरचा हिरवा कनेक्टर ओएनटीत पूर्ण बसला आहे का आणि पिवळी पॅच कॉर्ड कपाटामागे चिमटली आहे का, एवढंच बघा. पॅच कॉर्ड खिळ्याभोवती गुंडाळू नका, वळण तळहाताइतकं सैल ठेवा. कनेक्टर काढलाच तर टोकाला बोट लावू नका आणि डोळा लावून आत पाहू नका. येणारा प्रकाश १४९० नॅनोमीटरचा असतो, डोळ्याला दिसत नाही, पण असतो.

ओएनटीच्या पानावर ‘आरएक्स पॉवर’ नावाचा आकडा (ओएनटीपर्यंत किती प्रकाश पोचतोय ते) दिसत असेल तर तो लिहून ठेवा. उणे १५ ते उणे २४ डीबीएम म्हणजे छान. उणे २७ च्या जवळ गेला की नेट सारखं तुटायला लागतं, विशेषतः पावसाळ्यात खांबावरच्या जोडात पाणी गेलं की. लाइनमनला ‘नेट स्लो आहे’ म्हणण्यापेक्षा ‘आरएक्स उणे २८ दाखवतोय’ म्हणा. तो थेट जोड तपासायला जाईल.

नेट सुरू झाल्यावर वेग केबल लावून मोजा, वायफायवर नाही. २०० एमबीपीएसचा प्लॅन आहे आणि वेग ९३-९५ वर ठोकलेला दिसतोय, तर लिंक १०० एमबीपीएसवर जोडली गेली आहे. राउटरचे पोर्टच १०/१०० चे असतील, किंवा केबलमध्ये आठपैकी चारच तारा चालू असतील. केबल बदलून बघा. पोर्ट १०० चे असतील तर मात्र राउटरच बदलावा लागेल, म्हणून विकत घेताना खोक्यावर ‘गिगाबिट पोर्ट’ लिहिलं आहे का तेवढं बघत जा.

सुरक्षेचं थोडक्यात: राउटरचा ॲडमिन पासवर्ड बदला, ‘रिमोट मॅनेजमेंट’ आणि ‘डब्ल्यूपीएस’ (बटण दाबून वायफाय जोडायची सोय) बंद ठेवा, वायफायच्या सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए२ लावा. स्मार्ट बल्ब आणि स्वस्त सीसीटीव्ही बऱ्याचदा फक्त २.४ वर चालतात आणि डब्ल्यूपीए३ या नव्या प्रकारावर जोडले जात नाहीत. सीसीटीव्ही बाहेरून बघण्यासाठी पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली जोडणी राउटरमधून आतल्या कॅमेऱ्यापर्यंत सोडणं) करणार असाल तर आधी वॅनचा पत्ता बघा. तो १००.६४ ते १००.१२७ मध्ये सुरू होत असेल तर कंपनीने एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटला आहे, आणि फॉरवर्डिंग कितीही नीट केलं तरी चालणार नाही. त्यासाठी स्टॅटिक आयपी (फक्त तुमचा, न बदलणारा सार्वजनिक पत्ता) विकत घ्यावा लागतो.

दोन गोष्टी मात्र अजिबात करू नका. ओएनटीच्या मागचं बारीक भोक टाचणीने दाबून रीसेट करू नका. तुमचा राउटर रीसेट केला तर दहा मिनिटांत पुन्हा सेट होतो. ओएनटीमधून व्हीएलॅन आणि लॉगिन पुसलं गेलं तर केबलवाला येईपर्यंत घरचं नेट बंद. दुसरं, अडॅप्टरांची अदलाबदल करू नका. ओएनटीचा बहुधा १२ व्होल्टचा असतो, लहान राउटरचा कधी ९ चा, आणि दोघांची पिन सारखीच बसते. अडॅप्टरवर पेनाने ‘ओएनटी’, ‘राउटर’ असं लिहून टाका. लाईट गेल्यावर नेट चालू ठेवण्यासाठी मिनी यूपीएस घेणार असाल तर तो दोन्ही डब्यांना लागतो आणि दोन्हींच्या व्होल्टशी जुळायला हवा. एकट्या राउटरला दिलात तर वायफाय दिसेल, नेट नाही.

केबलवाल्याला फोन करण्याआधी हे विचारायचं लिहून घ्या: ओएनटी ब्रिज आहे की राउटर, युजरनेम-पासवर्ड काय, व्हीएलॅन लागतो का आणि कोणता, मॅक बांधलेला आहे का, कोणत्या लॅन पोर्टमध्ये लावायचं. उत्तरं मिळाली की ओएनटीच्याच मागे कागद चिकटवून त्यावर लिहून ठेवा. इतकं करूनही अडलं तर लॉगमधल्या शेवटच्या पाच-सहा ओळी आणि राउटरचं मॉडेल प्रतिक्रियेत टाका, युजरनेम-पासवर्ड तेवढा झाकून.