ठणठणीत बरा झाल्यावरच कामाला पाठवायचं का?

"मॅडम, आधी तो ठणठणीत होऊ दे, मग कामाचं बघू." स्किझोफ्रेनिया असलेल्या मुलाबद्दल सिडकोतल्या एका आईने हे सांगितलं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) मुलगा २६ वर्षांचा. गोळ्या नियमित चालू, तरी अधूनमधून, कोणी नसतानाही, आवाज ऐकू येतात. दोन वर्षं घरातच.

अशी वाट बघणं महागात पडतं. झोपेचं वेळापत्रक बिघडतं, मित्र सुटतात, आपण बिनकामाचे आहोत हे मनात पक्कं बसतं. आवाज पूर्ण थांबले नसतानाही अनेकांना काम जमतं. त्याला काय हवंय, हे आम्ही आईसमोर त्यालाच विचारलं. तो म्हणाला, "मोबाइलचा रिचार्ज माझ्या पैशाने मारायचाय."

मामांचं अंबडला छोटं वर्कशॉप आहे. तिथे नटबोल्ट मोजून पाकिटं भरायची, आठवड्यातून तीन दिवस, ११ ते १. रात्रीच्या गोळीची गुंगी सकाळी उशिरापर्यंत राहते म्हणून ही वेळ, आणि मशीनपासून लांब. दोन आठवडे नीट गेले की एक तास वाढवायचा. आई दिवसातून पाचदा "गोळी घेतली का?" विचारायची, त्यावरून रोज खटके उडत. सात कप्प्यांची डबी आणली. ती तो स्वतः भरतो, आई फक्त रविवारी बघते. सततची टोकाटोकी कमी होणं इथे औषधाच्या जोडीला फार मोलाचं, कारण अशा टोकाटोकीने आजार उलटण्याचा धोका वाढतो.

पहिला महिना छान गेला आणि वडिलांनी उत्साहाच्या भरात त्याला रात्रपाळी लावून दिली. झोप चार तासांवर आली, आवाज वाढले. घरचे म्हणाले, "बघा, झेपत नाही त्याला." पण बिघडली होती ती झोप. त्याने आधीच स्वतःच्या हाताने एक कागद लिहून ठेवला होता: लागोपाठ दोन रात्री झोप नाही, आंघोळ टाळणं, खिडक्या लावून घेणं, यातलं काहीही दिसलं तर ताईने डॉक्टरांना फोन करायचा. ताईने केला. डॉक्टरांनी डोस बदलला, रात्रपाळी थांबली आणि काम पुन्हा दोन तासांवर आलं, पण बंद केलं नाही. डोस घरच्या घरी वाढवायचा किंवा तोडायचा नाही, हे मात्र सगळ्यांनी पाळलं.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार रुग्णाला आपला नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे उपचारांचे निर्णय घेताना साथ देणारी व्यक्ती, निवडता येतो. साध्या कागदावर लिहून सही किंवा अंगठा पुरतो. त्याने ताईचं नाव दिलंय. अडीअडचणीला टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. तो त्याने धोक्याच्या खुणांच्या त्या कागदावर खालीच लिहून ठेवलाय.