शेवटच्या घागरीतलं पाणी

प्रिय पोरी,

काल तुझा फोन आला तेव्हा पंचगंगेच्या घाटावर होते, गर्दीत धड बोलता आलं नाही. म्हणून सावकाश लिहितेय. चाडच्या सीमेवर, आद्रे गावी, निर्वासितांसाठीच्या पाणी-स्वच्छतेच्या गटात तुझी निवड झाली हे ऐकून ऊर भरून आला. २०२३ च्या एप्रिलमध्ये सुदानमध्ये लढाई पेटली आणि त्यानंतर तिथल्या अल जनैना शहराची माणसं नेसत्या वस्त्रानिशी, पायी सीमा ओलांडून त्या गावात आली. मुलंबाळं काखेत, म्हातारी माणसं गाढवावर. त्यांच्यात तू जाणार आहेस. मला या कामातली एकच गोष्ट पक्की कळली आहे, ती सांगते.

टाकीपाशी थांबू नकोस, घागरीपर्यंत जा.

२०१९ च्या महापुरात आपले उपसा पंपच पाण्याखाली गेले होते, तुला आठवत असेल. चारी बाजूंनी पाणी आणि नळ कोरडे. शिरोळकडच्या एका शाळेत पूरग्रस्त उतरले होते, तिथल्या पाण्यात टीसीएल, म्हणजे जंतू मारणारी क्लोरीनची पावडर, टाकायचं काम माझ्याकडे होतं. रोज सकाळी टाकीच्या तोटीचं पाणी घ्यायचं, ओटी टेस्ट करायची, म्हणजे ओटीचे थेंब टाकून क्लोरीन शिल्लक आहे का बघायचं, पिवळी छटा आली की आहे, वहीत नोंद. तरी चौथ्या-पाचव्या दिवशी सात-आठ पोरांना जुलाब लागले. मी टँकरवाल्यावर संशय घेतला. शेवटी एका आजीनं हाताला धरून वर्गात नेलं आणि म्हणाली, "बाई, हितलं बघा की." कळशा उघड्या, पोरं खेळून येऊन त्याच हातांनी पेला बुडवत होती. त्या पाण्यात ओटीचे थेंब टाकले तर रंगच येईना. वहीतली माझी एकही नोंद खोटी नव्हती. पण टाकीतलं पाणी त्या पोरांनी कुठं प्यायलं होतं? ती चूक माझी होती आणि अजून टोचते. त्याच संध्याकाळी गावातनं ताटल्या आणि ओगराळी गोळा केली, प्रत्येक कळशीवर झाकण ठेवलं.

तिकडे ओटीऐवजी क्लोरीन तपासायची डीपीडीची गोळी असेल, तिनं पाणी गुलाबी होतं. नळाशी लिटरला ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावा असा आंतरराष्ट्रीय मापदंड आहे. पण त्या उन्हात सकाळी भरलेल्या कॅनमधला क्लोरीन संध्याकाळपर्यंत उडून जाऊ शकतो. म्हणून रोज दुपारी कुठल्याही पाच झोपड्यांत जा, पाणी माग, तपास. लोक हसून देतील.

माणशी दिवसाला १५ लिटर हा किमान आकडा तू पाठ केलाच असशील. आपल्याकडे जलजीवनची योजना आखताना माणशी ५५ लिटर धरतात, त्यावरून १५ म्हणजे किती ते बघ. पिणं, रांधणं, अंघोळ, बाळाची दुपटी, सगळं त्यात. आणि तेही टँकरच्या पाण्याला माणसांनी भागून काढू नकोस. ज्या घरात एकच कॅन आहे आणि पाणी भरायला दहा वर्षांची पोर जाते, त्या घरात किती लिटर पोचतं ते विचार.

संडासाचं लिहिताना मला राग येतो. वीस माणसांमागे एक, हा हिशेब ठीक आहे. पण त्या शाळेत बायकांनी पाणी पिणंच सोडलं होतं, कारण संडास मैदानाच्या पलीकडे, दिवा नाही, आतून कडी नाही. दिवसभर तहान मारायची आणि रात्री दोघी-तिघींनी मिळून जायचं. एक बाळंतीण होती, तीसुद्धा तसंच करत होती. निर्वासितांच्या छावण्यांतही बऱ्याच बायका हेच करतात. कडी, उजेड, पाळीचे कपडे धुवायला-वाळवायला आडोसा, हे आराखड्यात नसेल तर भांडून घाल. कुठं हवं ते बायकांना विचार, आणि विचारताना पुरुष बाजूला असू देत. खड्डा विहिरीपासून निदान ३० मीटर लांब हवा. २०१७ नंतर बांगलादेशात कॉक्स बझारला रोहिंग्यांच्या छावणीत घाईघाईत उथळ हातपंप आणि संडास शेजारी-शेजारी झाले आणि पाण्यात मैला उतरला.

अन्नाचं काम दुसऱ्या गटाकडे आहे म्हणून तिकडे डोळेझाक करू नकोस. जुलाब लागलेल्या पोराला कितीही चारलं तरी अंगी लागत नाही. लहान पोराच्या दंडाचा घेर पट्टीनं मोजतात, तो ११५ मिलिमीटरच्या खाली गेला की अतितीव्र कुपोषण. मग शेंगदाण्याची ती पाकिटं देतात, ९२ ग्रॅमचं एक, साधारण ५०० कॅलरी. आपल्या कुटासारखंच, दूधपावडर, साखर, तेल घालून. पण चार पोरं भुकेली असतील तर आई एक पाकीट चौघांत वाटणार, मीही वाटलं असतं. तिला दटावू नकोस, बाकीच्या तिघांच्या पोटाचं बघ. आणि दूधपावडरचे डबे सरसकट वाटू देऊ नकोस. आपण दुधाच्या जिल्ह्यातली माणसं, आपल्याला ते पुण्यकर्म वाटतं. घाण पाण्यात कालवलेलं बाटलीचं दूध तान्ह्याचा जीव घेतं. आईला पोटभर जेवण आणि पाजायला निवांत आडोसा दे.

१९७१ मध्ये बांगलादेशच्या लढाईत पश्चिम बंगालमधल्या बनगावला निर्वासितांत पटकीची साथ होती. सलाईन संपत आलं तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि सोड्याचं पाणी पाजायला सुरुवात केली, पाजायला नातेवाइकांनाच बसवलं. शेकडा तीसच्या आसपास असलेले मृत्यू चारच्या खाली आले. प्रशिक्षित माणूस नाही म्हणून तुझं काम अडेल, तेव्हा तिथल्या आयांकडे बघ.

निघायच्या आधीच्या रविवारी ये. आपण कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला जाऊ. १९४३ पासून पाच वर्षं तिथं पोलंडची पाचेक हजार माणसं राहिली, बहुतेक बायका आणि मुलं, सैबेरियातून इराणमार्गे आलेली. ती गेल्यावर त्याच जागेत फाळणीनं उठवलेले सिंधी आले, आजचं गांधीनगर. तू तिथून कापड घेत आलीस, पण ती जमीन म्हणून कधी पाहिली नसशील. येताना वही आण, शाळेतल्या त्या नोंदी काढून ठेवते, उतरवून घे.

तुझी,
काकू