मुलीनं काकांकडे राहावं की कॉलेजच्या वसतिगृहात?

सोलापूरच्या एका आईचं पत्र आलं आहे. त्या शाळेत शिकवतात, यजमानांचं अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचं छोटं युनिट आहे. मुलीला अमेरिकेत, मिनेसोटा राज्यातल्या एका लहान लिबरल आर्ट्स (एकाच विषयात न अडकता अनेक विषय शिकवणाऱ्या) कॉलेजात प्रवेश मिळाला आहे, आर्थिक मदतही बरीच मिळाली आहे. १ मेच्या आत होकार कळवायचा आहे. त्या लिहितात: ‘आमच्या मिस्टरांचे चुलतभाऊ कॉलेजपासून गाडीनं तासाभराच्या अंतरावर राहतात. मुलगी त्यांच्याकडे राहिली तर वसतिगृहाचे पैसे वाचतील, घरचं जेवण मिळेल. तिथं मुलं-मुली एकाच इमारतीत राहतात असं कळलं, तीही काळजी मिटेल. शेवटी ती शिकायलाच चालली आहे ना? शिवाय कॉलेज आम्हाला तिची प्रगती कळवत राहील का?’

ताई,

तुमच्या लेकीचं मनापासून अभिनंदन. सोलापुरात राहून, स्वतःच माहिती काढून तिनं हे मिळवलं, ही मोठी गोष्ट आहे. तुमची काळजीही रास्त आहे. तरी माझं मत आधीच सांगते: काकांकडे राहूनच शिकवायचं असेल, तर या कॉलेजला होकार देऊ नका. जायचं असेल तर तिनं वसतिगृहातच राहायला हवं.

आपल्याकडे वसतिगृह म्हणजे शिक्षणासाठी करावी लागणारी सोय. गावातच कॉलेज असेल तर हॉस्टेलची गरज नाही, असा आपला सरळ हिशेब. या लहान कॉलेजांची मांडणीच वेगळी आहे. तुमच्या मुलीच्या कॉलेजसारख्या ठिकाणी एकूण विद्यार्थी असतात साधारण दोन हजार, आणि त्यातले बहुतेक सगळे आवारातच राहतात. वर्ग पंधरा-वीस जणांचा. सकाळी वर्गात अर्थशास्त्रावर निघालेला मुद्दा दुपारी जेवणाच्या टेबलावर पुढं चालतो आणि रात्री अकराला कुणाच्या तरी खोलीच्या दारात उभं राहून त्यावर भांडण होतं. प्राध्यापक संध्याकाळच्या व्याख्यानाला येतात, कधी मुलांना घरी जेवायला बोलावतात. नाटकाच्या तालमी, विद्यार्थी मंडळाच्या बैठका, प्रयोगशाळेतलं उरलेलं काम, सगळं दिवस मावळल्यावर. संध्याकाळी पाच वाजता काकांच्या गाडीत बसणाऱ्या मुलीच्या वाट्याला यातलं काय येणार? फक्त तास.

म्हणूनच अशी बरीच कॉलेजं मुलांना निदान पहिली दोन वर्षं आवारात राहणं सक्तीचं करतात, काही तर चारही वर्षं. तुमच्या कॉलेजचा नियम प्रवेशाच्या कागदपत्रांत असेलच, आधी तो वाचा. कदाचित तुमचा प्रश्न तिथंच संपेल.

पैशाचं बोलते. अशा कॉलेजांत राहणं-जेवण वर्षाला साधारण १५ ते २० हजार डॉलरच्या घरात जातं, म्हणजे हा आकडा वाचवावासा वाटणं साहजिक आहे. पण आर्थिक मदतीचा हिशेब फी, राहणं, जेवण असा एकूण खर्च धरून केलेला असतो. मुलगी बाहेर राहिली की खर्चाचा अंदाज बदलतो आणि मदतही कमी होऊ शकते. वाचलेली रक्कम तुमच्या हातात पडेलच असं नाही. होकार देण्याआधी आर्थिक मदतीच्या कार्यालयाला ईमेल करून हे स्पष्ट विचारा. वर रोजचा दोन तासांचा प्रवास, मिनेसोटाच्या हिवाळ्यात, बर्फातून, आणि तिच्याकडे गाडी नाही. मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर गेलेला सोसणारी आपली मुलं तिथं उणे वीस अंशांत उभी राहतात. संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस झालेले कोफी अन्नान घानाहून मिनेसोटातल्याच मॅकॅलेस्टर कॉलेजात शिकायला आले होते, १९६१ साली तिथून पदवीधर झाले. कान झाकायची ती पट्टी चांगली दिसत नाही म्हणून घालायची नाही, असं त्यांनी ठरवलं होतं आणि कान गारठून निघाल्यावर विकत आणली, हा किस्सा ते पुढं अनेकदा सांगत. जाड कोट आणि बर्फातले बूट इथून नेऊ नका, तिथंच घ्या. इथं मिळणारे पुरत नाहीत.

आता मुलं-मुली एकाच इमारतीत राहण्याबद्दल. हो, बहुतेक इमारतींत राहतात. पहिल्या वर्षी खोलीत साधारणपणे दोघी मुलीच असतात, मुलीनं स्वतः वेगळा पर्याय मागितला तरच वेगळं. अनेक ठिकाणी फक्त मुलींचा मजला मागता येतो, दारू-सिगारेट पूर्ण बंद असलेला मजलाही मागता येतो. त्या देशात २१ वर्षांखाली दारू पिणं बेकायदा आहे, तरी वसतिगृहात ती दिसणारच नाही असं मी तुम्हाला सांगणार नाही. मुलीला हे आधीच माहीत असू द्या, तुमच्या तोंडून. नको म्हणणाऱ्याला सहसा कुणी बळजबरी करत नाही, पण नको म्हणायला तर यायला हवं ना? छळ किंवा गैरवर्तन झालं तर तक्रारीसाठी कॉलेजात स्वतंत्र अधिकारी असतो. सरकारी पैसा घेणाऱ्या संस्थांत लिंगभेदाला बंदी करणारा ‘टायटल नाइन’ हा कायदा तिथं १९७२ पासून आहे. त्या अधिकाऱ्याचं नाव आणि कार्यालय तिनं पहिल्याच आठवड्यात पाहून ठेवावं.

यापेक्षा मला जास्त काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची, आणि तिच्याबद्दल तुमच्या पत्रात एक ओळही नाही. खोलीत शेजारी जी मुलगी असेल तिच्याशी बोलण्याची.

होकार दिल्यावर उन्हाळ्यात कॉलेजकडून एक प्रश्नावली येईल. रात्री किती वाजता झोपता, पसारा चालतो का, अभ्यास करताना गाणी लावता का, खोलीवर मित्रमंडळी आलेली चालतील का. त्यावरून जोड्या लावतात. आपल्याकडची मुलं ही प्रश्नावली भरताना शहाण्यासारखी उत्तरं देतात, ‘मला सगळं चालतं’ असं लिहून मोकळी होतात. कृपा करून तिला असं करू देऊ नका. दहाला झोपते तर दहाला झोपते असंच लिहावं. मांसाहाराचा वास सोसत नसेल तर तेही लिहावं.

पोचल्यावर पहिल्या काही दिवसांत दोघींना बसवून एक करार लिहायला लावतात: दिवा किती वाजता बंद, झाडलोट कुणी कधी, एकमेकींच्या वस्तू वापरायच्या का. मजल्यावर एक वरच्या वर्गातला विद्यार्थी ‘आरए’ (रेसिडेंट असिस्टंट) म्हणून नेमलेला असतो. तो वॉर्डन नव्हे. तो पहारा देत नाही, हजेरी घेत नाही. भांडण मिटवायला, रात्री कुणी आजारी पडलं तर धावायला, एकटं पडलेल्याला ओळखायला त्याला शिकवलेलं असतं. पण ही सगळी व्यवस्था एका गोष्टीवर चालते, ती म्हणजे तुम्ही तोंड उघडून सांगितलं पाहिजे.

आणि आपल्या मुलींना आपण नेमकं उलटं शिकवलेलं असतं. सांभाळून घे. जाऊ दे, दुर्लक्ष कर. चांगल्या घरातली मुलगी कटकट करत नाही. अशा मुली परदेशी वसतिगृहात तक्रार न करता ऑक्टोबरपर्यंत निभावतात. शेजारीण रात्री दोनपर्यंत फोनवर बोलते, हिची झोप होत नाही, सकाळच्या वर्गात डोळे मिटतात, पहिल्या परीक्षेत मार्क घसरतात, आणि घरी फोनवर ‘सगळं छान चाललंय’. डिसेंबरात तिथं साडेचारच्या सुमाराला अंधार पडतो, तोवर पोर पार मिटून गेलेली असते. शेजारणीला मात्र यातलं काहीच माहीत नसतं. हिनं सांगितलेलंच नसतं. बहुतेकदा ती वाईट मुलगी नसते. सांगितलं असतं तर फोन घेऊन बाहेर गेली असती. सोसत राहणं हा तिथं गुण धरला जात नाही. न दुखावता, आवाज न चढवता, वेळेवर सांगणं हा धरला जातो, आणि नोकरीत, संसारात, कुठल्याही गटात काम करताना तोच लागतो. हे काकूंच्या घरी शिकता येणार नाही, कारण तिथं ती पाहुणी असेल आणि पाहुण्यानं तर सांभाळूनच घ्यायचं असतं.

हे सगळं परदेशी खूळ आहे असं कुणी म्हणालं, तर त्यांना साताऱ्याची आठवण करून द्या. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली तिथं वसतिगृह काढलं, ज्याला १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस हे नाव मिळालं. वेगवेगळ्या जातींची पोरं तिथं एकत्र राहिली, एकत्र जेवली, आपली कामं आपण केली. पुस्तकात जे शिकवता आलं नसतं, ते त्या एका पंगतीत शिकवलं गेलं. कोल्हापुरात शाहू महाराजांनी तर त्याच्याही आधी वसतिगृहं उभी केली होती. एकत्र राहणं हेच शिक्षण, ही आपल्याच मातीतली गोष्ट आहे, ताई.

जेवणाचं फार मनावर घेऊ नका. शाकाहारी जेवण तिथल्या भोजनगृहात रोज मिळतं, चव आपली नसते एवढंच. खोलीत शेगडी, इंडक्शन ठेवायला सहसा बंदी असते, आगीच्या भीतीनं. मजल्यावर किंवा इमारतीत सामाईक स्वयंपाकघर असतं. शेंगाची चटणी आणि कडक भाकरी नीट पॅक करून द्या, दोन्ही टिकतात. मिनेसोटातल्याच कार्लटन कॉलेजात एक घर आहे, डेसी मोझेस नावाच्या बाईंनी कॉलेजला देऊन ठेवलेलं. कुणीही विद्यार्थी केव्हाही तिथं जाऊन कुकी भाजू शकतो, सामान तिथं ठेवलेलंच असतं. तुमच्या लेकीच्या कॉलेजात असं घर असेल-नसेल, पण सामाईक ओट्यावर तिनं एकदा भाकरी थापली की मजल्यावरच्या निम्म्या मुली तिथं गोळा होतील. त्यासाठी तिला भाकरी यायला हवी. ऑगस्टच्या आत शिकवा.

प्रगती कळवण्याबद्दल: नाही, कॉलेज तुम्हाला काही कळवणार नाही. १९७४ च्या एका कायद्यानं तिथं कॉलेजातल्या विद्यार्थ्याच्या नोंदींवर त्याचा स्वतःचा हक्क असतो. फी तुम्ही भरत असलात तरी तिच्या संमतीशिवाय गुण सहसा सांगत नाहीत. जिवाला धोका असेल तर गोष्ट वेगळी. संमतीपत्र ती लिहून देऊ शकते, पण मागण्याआधी विचार करा. तिनं आपण होऊन सांगावं असं नातं या चार महिन्यांत जमवता आलं तर ते त्या कागदापेक्षा जास्त उपयोगी पडेल. रोज व्हिडिओ कॉलचा आग्रह नको. उन्हाळ्यात तिथली घड्याळं आपल्या साडेदहा तास मागं असतात, हिवाळ्यात साडेअकरा. तिच्या रात्री आठला तुमच्याकडे उन्हाळ्यात सकाळचे साडेसहा, तुमची शाळेला निघायची घाई. आठवड्यातून दोन वेळा ठरवून, निवांत बोला.

काका मात्र फार मोलाचे आहेत. नोव्हेंबरच्या शेवटी थँक्सगिव्हिंगची सुट्टी लागते, डिसेंबरात मोठी सुट्टी. काही कॉलेजांत तर या दोन्ही जोडूनच येतात. त्या काळात अनेक वसतिगृहं बंद होतात, किंवा राहायचं तर वेगळा अर्ज आणि वेगळे पैसे. परदेशी मुलांची खरी अडचण तेव्हा होते. तेव्हा तिनं काकांकडे जावं, पोटभर जेवावं, झोपावं.

दुसऱ्या वर्षापासून तिला आरएच्या कामासाठी अर्ज करता येईल. अनेक ठिकाणी त्याबदल्यात खोलीचं भाडं माफ होतं किंवा मानधन मिळतं. मात्र तिच्या आर्थिक मदतीवर त्याचा परिणाम होतो का, हे आधी विचारून घ्यावं. पहिल्या वर्षीही ग्रंथालयात, भोजनगृहात काम करता येतं. विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आवारात आठवड्याला २० तासांपर्यंत परवानगी आहे, पण पहिल्या सत्रात आठ-दहा तासांच्या वर जाऊ देऊ नका.

आणि घरात सगळ्यांनी विचार करून, नाही, इतक्या लांब वसतिगृहात नकोच, असं ठरलं, तर त्यात कमीपणा नाही. मग सोलापुरात किंवा पुण्यात चांगलं कॉलेज निवडा आणि तिथं मिळाला असता तो अनुभव दुसऱ्या वाटेनं कसा मिळवायचा ते आपण बघू. फक्त निम्मं इकडं, निम्मं तिकडं असं नको. त्यात पैसेही जातात आणि पोरीची ओढाताण होते.

या आठवड्यात दोन ईमेल पाठवायचे आहेत, आणि ते तुम्ही नव्हे, तिनं लिहायचे. एक निवास कार्यालयाला: किती वर्षं आवारात राहणं सक्तीचं आहे, फक्त मुलींचा मजला आहे का, सुट्टीत वसतिगृह उघडं असतं का. दुसरा आर्थिक मदतीच्या कार्यालयाला, वर सांगितलेला. उत्तरं आली की मला पाठवा, १ मेच्या आधी तिच्याशी फोनवर बोलेन. ती एकटी असताना.