सासूला आत येऊ द्या

प्रश्न : मी मेळघाटातली कोरकू, गावात आशा म्हणून काम करते. वहिनीला आठवा महिना लागलाय. पहिल्या बाळंतपणात दवाखान्यात माझ्या आईला बाहेरच बसवलं. वहिनीला मराठी जेमतेम कळतं, उकिडवं बसायचं होतं, तर आतून नुसती ओरड, ‘पडून राह्य!’ आता म्हणते, घरीच होऊ दे, सुईण आहे. हिमोग्लोबिन 8.4 आहे. कसं समजावू?

उत्तर : आधी दवाखान्याला समजाव, बाई. मी या भागात आरोग्यसेविका होते. ‘हे लोक ऐकतच नाहीत’ हे वाक्य मी ड्युटी रूममध्ये चहाबरोबर रोज ऐकलं. त्यांचं कुणी ऐकलं का, हे मात्र कुणी विचारलं नाही. वहिनी काही जगावेगळं मागत नाही. प्रसूतीच्या वेळी जवळची एक बाई सोबत ठेवायला केंद्र सरकारने 2016 मध्येच मान्यता दिली आहे. कळा देताना कसं बसायचं, हे बाईने ठरवावं, असं जागतिक आरोग्य संघटना 2018 पासून सांगते.

तरीही 8.4 वर घरी बाळंतपण नको. वार पडल्यावर रक्त जायला लागलं तर सुईण पोट चोळेल, पण गर्भाशय आवळणारं इंजेक्शन तिच्याजवळ नसतं. अंगात रक्त कमी असलेल्या बाईला थोडा रक्तस्रावही भारी पडतो. त्यात सिपनेला पूर असला तर 108 ची गाडी पल्याडच.

या आठवड्यातच डॉक्टरांना भेटा. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी झाली नसेल तर आधी ती. मग शिरेतून लोह द्यायचं का ते विचारा. आठव्या महिन्यात नुसत्या गोळ्यांच्या भरवशावर राहू नका. त्याच फेरीत आईला आणि वहिनीला प्रसूतीची खोली दाखव. सिस्टरला आईसमोरच विचार : ही आत थांबेल ना? धुतलेलं लुगडं नेसून येईल, मधेच उठून जाणार नाही. तू स्वतः कोरकू बोलतेस. कळांच्या वेळी दाराशी तरी थांब. सुईणीलाही घेऊन जा. तिचा मान राहिला तर तीच वहिनीला म्हणेल, चल.

आरोग्य केंद्राजवळ माहेरघर, म्हणजे गरोदर बायांची बाळंतपणाआधी राहायची सोय, असेल तर तारखेच्या आधीच धाकट्या लेकरासकट तिथे मुक्कामाला जा. गाडी, औषधं, जेवण, लागलं तर रक्तही 2011 पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात फुकट आहे. कुणी पैसे मागितले तर तालुका आरोग्य अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार दे, आणि पोच घे.