'मी' नाहीच, तर मग काम कोण करतं?

'मी' हा भ्रम आणि काही न करणं श्रेष्ठ, तर वाशीहून रोज धक्के खात ऑफिसला का जायचं, असं तुम्ही विचारलंय. जा. 'मी' नाही म्हणणारे बुद्ध काय, 'काही न करणं' सांगणारे चीनमधले ताओवाले काय, रजा कोणीच मंजूर केलेली नाही.

सारनाथला पाच भिक्खूंना बुद्धांनी सांगितलं ते असं: रूप (शरीर), वेदना (सुखदुःखाची जाणीव), संज्ञा (ओळखणं), संस्कार (मनाच्या प्रवृत्ती), विज्ञान (भान) यांतलं काहीच आपल्या हुकमात नाही, मग त्याला 'हा मी' कसं म्हणायचं? तुमच्यासारखंच 'कोण अनुभवतं?' असं मोलिय फग्गुन या भिक्खूने विचारलं, तेव्हा प्रश्नच चुकलाय, 'कशामुळे घडतं' ते विचार, असं उत्तर मिळालं. प्रयत्न मात्र सुटत नाहीत, अष्टांगिक मार्गात ते एक अंगच आहे. चालून चालून पाय रक्ताळलेल्या सोण भिक्खूला बुद्धांनी प्रयत्न सोडायला नाही, वीणेच्या तारेसारखे जुळवायला सांगितलं: फार ताण नको, ढिलाईही नको.

ताओवाल्यांच्या वू-वेइचं, म्हणजे त्या 'काही न करण्या'चं, उत्तम चित्र च्वांग-त्झू या ताओवादी विचारवंताच्या ग्रंथात आहे. डिंग नावाचा आचारी राजासमोर बैल कापतो, आणि 19 वर्षं वापरलेल्या त्याच्या सुरीची धार आजच लावल्यासारखी असते. तो हाडावर घाव घालत नाही, सांध्यांतल्या फटींतून पातं नेतो.

बेलापूरला दिवाळे गावच्या मासळी बाजारात जाऊन बघा. सुरमई कापता कापता मावशी गिऱ्हाइकाशी भावावरून हुज्जत घालत असतात, कोयता आपला चालूच, तुकड्या एकसारख्या. डोक्यापाशी आल्या की बोलणं बंद, नजर खाली, हात सावकाश. डिंगही अवघड सांध्यापाशी असाच थबकतो, नेमकी हीच ओळ लोक गाळतात! नवशिक्याचं निम्मं लक्ष 'मला जमतंय का' यात असतं, म्हणून त्याचा कोयता काट्यात अडकतो. वू-वेइत गळून पडतं ते हे, काम नव्हे.

तरी दोघांना एकाच पिशवीत कोंबू नका. बुद्धांना 'मी'ची पकड सोडवायची ती दुःख आणि तृष्णा संपवण्यासाठी. डिंगचं ऐकून राजा म्हणतो, जीवन कसं जपावं ते कळलं. तिथे निर्वाणाचा विषयच नाही. पुढे चीनमध्ये चान या बौद्ध पंथात (जपानमध्ये तोच झेन) दोन्ही प्रवाह बरेच मिसळले, आणि व्हॉट्सअ‍ॅपवरच्या 'बुद्धवचनां'त तर बेधडक एकत्र फिरतात. तुमचा घोळ बहुधा तिथूनच आलाय.