कोऱ्या कागदावरची सही

दारव्हा तालुक्यातल्या एका अनुदानित माध्यमिक शाळेत १९ वर्षं शिपाई असलेल्या भाऊंचं पत्र आलं आहे. जूनमध्ये संस्थेच्या सचिवांनी ‘पगाराच्या कागदांसाठी’ म्हणून दोन कोऱ्या कागदांवर त्यांच्या सह्या घेतल्या. २२ जुलैला हाती पत्र पडलं : ‘आपला राजीनामा ३० जूनपासून मंजूर.’ तेव्हापासून सचिवांच्या घरी चकरा चालू आहेत. आता उत्तर मिळतं, दिवाळी होऊ द्या, मग बघू. अशी पत्रं मला नेहमी येतात. गाव वेगळं असतं, कोरा कागद तोच.

भाऊ, सही का केली हे मी विचारत नाही. रोजीच्या भीतीनं माणूस करतो. पण मंजुरीचं पत्र मिळाल्यावर ते ट्रंकेत ठेवून दिलंत, याचा मला राग आहे. खाजगी शाळा कर्मचाऱ्यांच्या १९७७ च्या कायद्यातलं कलम ९ शाळा न्यायाधिकरणात अपिलाला आदेश मिळाल्यापासून ३० दिवस देतं. तुमचे २१ ऑगस्टला संपले. सचिवांच्या प्रत्येक ‘बघू’ नं तुमचाच एक दिवस खाल्ला.

दार अजून बंद नाही. पुरेसं कारण दिसलं तर न्यायाधिकरण उशीर माफ करू शकतं. अपिलासोबतच विलंब माफीचा अर्ज आणि शपथपत्र द्या. सचिवांकडे कधी गेलात, सोबत कोण होतं, ते काय म्हणाले, सगळं तारखेनिशी लिहा. खोटं आजारपण घुसडू नका. माफी मिळेलच असं मी म्हणणार नाही, मात्र इथून पुढचा प्रत्येक दिवस ती अवघड करतो.

उशीर माफ झाला तर तुमची बाजू भक्कम वाटते. कलम ७ प्रमाणे राजीनामा दोन प्रतींत, सही आणि तारखेसह लिहायचा. एक प्रत रजिस्टर पोस्टानं संस्थेला, दुसरी स्वतःजवळ. कोऱ्या कागदाचा हा खेळ थांबावा म्हणूनच ही पद्धत. कायम कर्मचाऱ्याला वर तीन महिन्यांची नोटीसही द्यावी लागते. नुसती पोस्टाची पावती नाही म्हणून राजीनामा आपोआप रद्द होईल, असं मात्र धरून चालू नका. तुम्ही ओझरतं लिहिलेलं एक वाक्य मला त्याहून मोलाचं वाटतं : २२ जुलैपर्यंत घंटा तुम्हीच देत होतात आणि हजेरीपटावर सह्या आहेत. ३० जूनला नोकरी सोडलेला माणूस जुलैत हजेरी लावत नाही. त्या पानांची प्रत माहिती अधिकारात मागा, पण तिच्यासाठी अपील थांबवू नका.

तीन महिन्यांत निकालाचा प्रयत्न व्हावा, असं कायदाच म्हणतो. प्रत्यक्षात वर्षं जातात आणि तेवढ्यात माणसं निवृत्तीच्या वयाला पोचतात, हे पाहून जीव तुटतो. मागचा पगार किती मिळेल, आज सांगता येत नाही. पोलिसांत तक्रार करता येईल, तिनं नोकरी परत येत नाही. ‘हिशेब घेऊन जा’ म्हणून बोलावलं, तर वकिलाला दाखवल्याशिवाय कशावरही सही नको. फीची अडचण असेल तर तालुका विधी सेवा समितीत अर्ज करा.

अपील अमरावतीला. येत्या सोमवारचीच एसटी धरा आणि मंजुरीचं पत्र ज्या पाकिटातून आलं ते टपालाच्या शिक्क्यासकट सोबत न्या.